मुलांचा श्वास आणि घराचे आरोग्य : न्यूझीलंडमधील पॅसिफिक समाजाचा अनुभव

लहान मूल आजारी पडले की औषधाची बाटली मुलासाठी येते आणि उपदेश आईसाठी येतो. 'गारठ्यात नेऊ नका, घर कोरडे ठेवा, मुलाजवळ कोणी विडी-सिगारेट ओढू देऊ नका,' असे सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. सल्ला चुकीचा नसतो. परंतु घर भाड्याचे असेल, भिंतीला ओल असेल, सिगारेट ओढणारा घरातील वडीलधारा असेल, तर एकटी आई यातले काय पाळू शकणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मूल बरे होऊन घरी जाते आणि त्याच खोलीत, त्याच हवेत पुन्हा श्वास घेऊ लागते. काही आठवड्यांनी ते पुन्हा दवाखान्यात येते.

हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी आहे. परंतु न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या पॅसिफिक समाजात त्याचा विशेष विचार झाला आणि 'रुग्ण म्हणजे एकटे मूल नव्हे, तर संपूर्ण कुटुंब' असे मानून काम उभे राहिले. ते काम काय आहे, त्याची गरज का पडली आणि त्यातून काय साधले, याची माहिती वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हा समाज कोणता?

न्यूझीलंडच्या उत्तरेस व ईशान्येस प्रशांत महासागरात सामोआ, टोंगा, कुक बेटे, निउए, टोकेलाऊ, तुवालू, फिजी अशी अनेक बेटे विखुरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना कामगार कमी पडू लागले. तेव्हा १९५० ते १९७० च्या दशकांत या बेटांवरील हजारो माणसे कामासाठी ऑकलंड, वेलिंग्टन या शहरांत आली. कुक बेटे, निउए आणि टोकेलाऊ येथील लोक तर कायद्याने न्यूझीलंडचेच नागरिक आहेत. माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, पॅसिफिक समाज त्यांच्याहून वेगळा. २०२३ च्या जनगणनेत या समाजाची संख्या ४,४२,६३२, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ८.९ टक्के इतकी भरली. यातील बहुसंख्य आता न्यूझीलंडमध्येच जन्मलेले आहेत आणि निम्म्याहून अधिक लोक ऑकलंडमध्ये राहतात. शहराच्या दक्षिणेकडील ओटारा, मांगेरे या भागांत त्यांची दाट वस्ती आहे.

'पॅसिफिक' हे नाव एकच असले तरी या लोकांच्या भाषा आणि चालीरीती निरनिराळ्या आहेत. मात्र एक गोष्ट सर्वांत समान आहे आणि ती म्हणजे मोठे कुटुंब. सामोअन भाषेत कुटुंबाला 'आइंगा' म्हणतात, टोंगन भाषेत 'काइंगा'. या शब्दात आईवडील आणि मुले एवढेच बसत नाहीत. आजी-आजोबा, काका, मावशी, बेटावरून शिकायला आलेला भाचा, नोकरीच्या शोधात आलेला दूरचा भाऊ हे सर्व त्यात येतात. मूल सर्वांचे असते आणि त्याच्याविषयीचे निर्णयही बहुधा सर्वांच्या, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या विचाराने होतात. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

आजार कोणते?

या समाजातील लहान मुलांना श्वसनाचे आजार वारंवार होतात आणि रुग्णालयात दाखल करण्याची वेळही इतरांपेक्षा अधिक येते. यात चार आजार मुख्य आहेत. तान्ह्या बाळांना होणारा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसातील अगदी बारीक श्वासनलिका सुजणे, न्युमोनिया, दमा, आणि चौथा, आपल्याकडे नावानेही फारसा परिचित नसलेला ब्रॉन्किएक्टेसिस.

या चौथ्या आजाराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. छातीत वारंवार किंवा दीर्घकाळ संसर्ग राहिला तर श्वासनलिकांच्या भिंती खराब होतात, नलिका सैल आणि रुंद होतात. मग कफ बाहेर पडत नाही. साठलेल्या कफात जंतू वाढतात, त्यांनी भिंती आणखी खराब होतात आणि आणखी कफ साठतो. असे हे चक्र आहे. सुरुवातीलाच ओळखले तर ते थांबवता येते, काही मुलांत झालेली हानी भरूनही निघते. परंतु दुर्लक्ष झाले तर ती कायमची होते आणि मूल ते अधू फुप्फुस घेऊनच मोठे होते.

न्यूझीलंडमध्ये २००१-०२ साली देशभरातील बालरोगतज्ज्ञांकडून या आजाराची माहिती गोळा करण्यात आली. १५ वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला सरासरी ३.७ नवे रुग्ण आढळले. युरोपीय वंशाच्या मुलांत हा आकडा १.५ होता, पॅसिफिक मुलांत तो १७.८ होता. देश एक, सरकारी रुग्णालये तीच, तरी बारा पटींच्या घरातला हा फरक. बेटांवरील माणसांचे रक्तच तसे, असे म्हणून हा फरक झटकता येत नाही. त्याची कारणे कोठे शोधायची, हे पुढे येईलच.

पालकांना कळेल अशी या आजाराची खूण एकच आहे. कफाचा, घुरघुरणारा ओला खोकला चार आठवड्यांहून अधिक टिकला तर तो साधा खोकला समजू नये, मुलाची छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. अडचण अशी की ज्या घरात प्रत्येक हिवाळ्यात सर्वच मुले खोकत असतात, तेथे खोकला हा आजार वाटतच नाही. 'मुले खोकतातच' असे होऊन बसते. म्हणून तेथील आरोग्यसेवक सर्वांत आधी ही समजूत बदलण्याचा प्रयत्न करतात.

येथे एक माहिती सांगण्याजोगी आहे. मुलांच्या दम्याचा जगभर एकाच प्रश्नावलीने अभ्यास करणारा 'आयझॅक' हा मोठा प्रकल्प १९९१ मध्ये सुरू झाला. त्याचे मुख्य केंद्र ऑकलंडमध्ये होते आणि अभ्यासात भाग घेणाऱ्या शहरांत आपल्याकडील मुंबई, पुणे आणि अकोला यांचाही समावेश होता.

घर आणि फुप्फुस

न्यूझीलंडची जुनी घरे बहुतेक लाकडी. नव्या घरात छताखाली व भिंतीत उष्णता धरून ठेवणारे अस्तर बसवणे १९७८ मध्ये सक्तीचे झाले. त्यापूर्वीची असंख्य घरे अस्तराशिवायच उभी राहिली. हिवाळ्यात अशा घरात बाहेरच्याइतकाच गारवा जाणवतो. खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटते, भिंतींवर काळी बुरशी धरते. ही घरे दोन-तीन खोल्यांची, आईवडील आणि दोन-तीन मुले एवढेच कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. आइंगा त्यात मावणार कशी? २०१० च्या दशकातील जनगणनांप्रमाणे पॅसिफिक समाजातील पाचांपैकी जवळजवळ दोघे माणसांच्या मानाने अपुऱ्या घरांत राहत होते.

त्यात विजेचा खर्च. सर्व खोल्या गरम करणे परवडत नाही, म्हणून हिवाळ्यात सर्व कुटुंब एकाच खोलीत हीटर लावून झोपते. कागदावर घरात तीन खोल्या असतात, प्रत्यक्षात सात-आठ माणसे एकाच खोलीत एकमेकांचा उच्छ्वास घेत असतात. एकाचा खोकला रात्रीतून सर्वांना होतो. नळीवाटे धूर बाहेर न सोडणारा गॅसचा हीटर असेल, तर तो ऊब देतो, पण त्याबरोबर वाफ आणि दूषित वायूही खोलीत सोडतो.

२०१४ मध्ये ओटारा येथील एका सरकारी घरात राहणारी दोन वर्षांची मुलगी मरण पावली. मृत्युसमयी तिला न्युमोनियासारखा आजार होता. चौकशी करणाऱ्या कोरोनरने २०१५ मध्ये दिलेल्या निष्कर्षात म्हटले की, घरातील थंडी आणि ओल यांचा या आजाराला हातभार लागलेला असू शकतो. त्या कुटुंबाला हीटर देण्यात आला होता. परंतु विजेचे बिल परवडत नसल्याने तो वापरला जात नव्हता, असेही त्या वेळी उघड झाले. या घटनेने सारा देश हळहळला. वस्तू दिली म्हणजे काम झाले असे नाही. ती वापरण्याची ऐपत त्या घरात आहे का, हेही पाहावे लागते. हा धडा तेथील कार्यकर्त्यांनी या प्रकरणातून घेतला.

घर सुधारले तर श्वास सुधारतो का, याचा पुरावाही न्यूझीलंडमधूनच मिळाला. प्रा. फिलिपा हाउडेन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतील १,३५० घरांचा अभ्यास केला. निम्म्या घरांना आधी अस्तर बसवले, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अस्तर बसवलेल्या घरांतील झोपण्याच्या खोलीचे तापमान सरासरी अवघे अर्धा अंश वाढले होते, ओलावा थोडा कमी झाला होता. तरीही छातीत घरघर होण्याच्या तक्रारी घटल्या, मुलांचे शाळेचे आणि मोठ्यांचे कामाचे खाडे कमी झाले, शिवाय विजेचा वापरही कमी झाला. दुसऱ्या वर्षी, २००८ मध्ये, त्यांनी दमा असलेल्या मुलांच्या ४०९ घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या हीटरऐवजी हवा दूषित न करणारे हीटर बसवलेल्या घरांतील मुलांचा खोकला व घरघर कमी झाली. फुंकर मारून फुप्फुसाची शक्ती मोजणाऱ्या चाचणीत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे घर हे औषधाची जागा घेत नाही, पण मुलाला रात्री शांत झोप आणि सकाळी शाळा मिळवून देते.

दारावरची थाप

एवढे कळल्यावर घरोघरी जाऊन लोकांना सांगितले की झाले, असे वाटेल. परंतु पॅसिफिक कुटुंबाचे दार सरकारी माणसाला सहज उघडत नाही. त्याला इतिहास आहे.

पहिली आठवण १९१८ ची. तेव्हा पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या ताब्यात होते. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'तालुने' हे जहाज एन्फ्लुएंझाचे रुग्ण घेऊन आपिया बंदरात आले. प्रवाशांना अलग न ठेवता उतरू दिले गेले. या साथीत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर कडक बंद ठेवले, तेथे एकही मृत्यू झाला नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी याबद्दल सामोआची माफी मागितली ती २००२ मध्ये, ८४ वर्षांनी.

दुसरी आठवण १९७० च्या दशकातील. आर्थिक मंदी येताच ज्या कामगारांना हौसेने बोलावले, तेच नकोसे झाले. परवान्याची मुदत संपलेल्यांचा शोध घेण्यासाठी पोलीस पहाटे घरांत शिरू लागले. लोक या कारवाईला 'डॉन रेड्स', म्हणजे पहाटेच्या धाडी, म्हणू लागले. पुढे १९८५-८६ च्या आकडेवारीवरून असे दिसून आले की, मुदत संपलेल्यांत पॅसिफिक लोक एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत त्यांचे प्रमाण ८६ टक्के होते. १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी या धाडींबद्दल जाहीर माफी मागितली.

या काळात समाजातील तरुण स्वस्थ बसले नव्हते. १९७१ मध्ये ऑकलंडमध्ये 'पॉलिनेशियन पँथर्स' ही संघटना स्थापन झाली. अमेरिकेतील ब्लॅक पँथर्सपासून तिने स्फूर्ती घेतली होती. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच स्फूर्तीतून मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ऑकलंडच्या या तरुणांनी मोर्चे काढले, तसेच मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवले, भाडेकरूंना मदत करणारी पथके उभारली आणि लोकांना कायद्याने मिळालेले हक्क समजावून सांगितले. घराचा प्रश्न आणि आत्मसन्मानाचा प्रश्न वेगळे नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

ज्या घराने पहाटेची थाप ऐकली आहे, ते आरोग्यसेविकेच्या थापेनेही दचकते. 'घरात किती माणसे राहतात?' हा तिचा प्रश्न निरुपद्रवी असतो, पण ऐकणाऱ्याला त्यात घरमालकाची, सरकारची चौकशी दिसते. खरा आकडा सांगितला तर घर जाईल, अशी धास्ती असते.

फोनोफाले : घराचेच रूपक

म्हणून काम करणाऱ्यांनी पद्धत बदलली. फुइमाओनो कार्ल पुलोतु-एन्डेमन या सामोअन वंशाच्या परिचारिका-क्षेत्रातील तज्ज्ञांनी आरोग्याचा एक आराखडा मांडला. त्याचे नाव 'फोनोफाले', हे त्यांच्या आजीचे नाव. सामोअन भाषेत 'फाले' म्हणजे घर. या आराखड्यात आरोग्य हे एक घर आहे. घराचा पाया म्हणजे कुटुंब. छप्पर म्हणजे संस्कृती. पाया आणि छप्पर यांना जोडणारे चार खांब : शरीर, मन, आध्यात्मिक जीवन आणि चौथ्या खांबात वय, स्त्री-पुरुष भेद, आर्थिक परिस्थिती अशा इतर गोष्टी. या सर्व घराभोवती परिसर, काळ आणि परिस्थिती यांचे वेटोळे.

डॉक्टर बहुधा एकाच खांबाकडे, शरीराकडे पाहतात. पाया खचलेला असताना एकच खांब रंगवून घर सावरत नाही, हे या आराखड्यावरून सामान्य माणसालाही समजते. पदवीधर परिचारिकेपासून निरक्षर आजीपर्यंत सर्वांना कळेल अशा भाषेत विचार मांडला, हे त्याचे मोठेपण.

याच्या जोडीला 'तालानोआ' ही पद्धत आली. टोंगा, सामोआ, फिजी येथे हा शब्द प्रचलित आहे. तालानोआ म्हणजे बसून, वेळ देऊन, मोकळेपणाने केलेले बोलणे. फॉर्म भरून घेण्याची घाई नाही. आधी गाव कोणते, नातेवाईक कोण, प्रार्थनामंदिर कोणते, ही विचारपूस होते, मग मुलाच्या खोकल्याचा विषय निघतो. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु दोन माणसांमधील नात्याचे जे अंतर असते, ज्याला ते 'वा' म्हणतात, ते नीट सांभाळल्याशिवाय सांगितलेले कोणी मनावर घेत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये 'हेल्दी होम्स' हा उपक्रम सुरू केला. सुरुवातीचा हेतू संधिवाताच्या तापाला आळा घालणे हा होता, कारण गर्दीच्या घरांत घशाचा संसर्ग पसरून हा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. २०१६ पासून त्यात लहान मुलांची गरीब कुटुंबे आणि गरोदर स्त्रिया यांचा समावेश झाला.

पद्धत सोपी आहे. मूल श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात आले की परिचारिका घराविषयी विचारते आणि कुटुंबाच्या संमतीने त्याचे नाव उपक्रमाकडे कळवते. मग शक्यतो त्याच भाषेची, त्याच समाजातील सेविका घरी जाते. ती केवळ आईशी न बोलता घरातील सर्वांना एकत्र बसवते. घर कोठे गळते, ओल कोठे आहे, कोण कोठे झोपते, पांघरुणे किती, हे पाहून कुटुंबाबरोबरच एक योजना ठरवते. गरजेप्रमाणे खाटा, गाद्या, पांघरुणे, जाड पडदे, हीटर, किरकोळ दुरुस्ती, अस्तर यांची सोय केली जाते. मिळण्याजोगे सरकारी साहाय्य मिळते की नाही तेही पाहिले जाते आणि घरमालकाशी बोलणी केली जातात.

सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या असतात. रोज दहा-पंधरा मिनिटे खिडक्या उघडाव्यात. काचेवरचे पाणी सकाळी पुसून घ्यावे. कपडे घरात वाळत घालू नयेत. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवावे. पलंग ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा. दिवसा पडदे उघडून ऊन आत घ्यावे, संध्याकाळी लावून ऊब धरून ठेवावी.

कुटुंबाचा मान कसा राखला जातो, याचे उदाहरण म्हणजे झोपण्याविषयीचा सल्ला. 'सर्वांनी एका खोलीत झोपू नका' असे सांगणे सोपे, पण खोल्या गार असताना ते निरर्थक आणि एकत्र राहण्याच्या रीतीचा अपमान करणारे आहे. म्हणून सांगितले जाते की एकत्र झोपावे लागले तर डोकी एका बाजूला न ठेवता एकाचे डोके, शेजारच्याचे पाय अशा रीतीने झोपावे, म्हणजे एकमेकांच्या तोंडावर खोकला येणार नाही. बाळाची झोपण्याची जागा मात्र स्वतंत्र असावी.

सिगारेटचा विषय आणखी नाजूक. सून सासऱ्याला 'बाहेर जा' म्हणू शकत नाही. म्हणून सेविका हा विषय घरातील वडीलधाऱ्यांसमोर, नातवंडाच्या श्वासाच्या संदर्भात काढते. आजोबांनी स्वतःच 'या घरात आणि गाडीत धूर नको' असा नियम केला की तो सर्व पाळतात. कायद्याचेही साहाय्य आहे. १८ वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपान करण्यास नोव्हेंबर २०२१ पासून बंदी आहे.

बेटांवर मालिश करणाऱ्या पारंपरिक वैदूंची प्रथा आहे, सामोअन भाषेत या मालिशीला 'फोफो' म्हणतात. तिची टिंगल केली तर कुटुंब मालिश सोडत नाही, फक्त सेविकेला सांगणे सोडते. म्हणून तिला धोक्याच्या खुणांची जोड दिली जाते. मूल फार जलद श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, कण्हत असेल, दूध पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर दुसरे काहीही न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दम्याच्या पंपाचेही असेच. झटका आला असता आराम देणारा पंप निराळा आणि झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचा पंप निराळा. बरे वाटू लागले की रोजचा पंप बंद करण्याची चूक सर्वत्र होते. म्हणून पंप कसा द्यायचा हे एकट्या आईला न शिकवता मुलाला सांभाळणाऱ्या आजीला, मावशीला, थोरल्या भावंडालाही शिकवतात. पंप स्पेसर नावाच्या नळकांड्याला जोडून द्यावा, एका वेळी एकच फवारा मारावा आणि मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत, अशा गोष्टी घरातील प्रत्येकाला यायला हव्यात, कारण झटका आई घरी असतानाच येईल असे नाही.

लस आणि विश्वास

विश्वास तुटला की काय होते, हे २०१९ मध्ये सामोआत दिसले. २०१८ च्या जुलैत तेथे गोवराच्या लशीत पाण्याऐवजी चुकून भुलीचे औषध मिसळले गेले आणि दोन बाळे दगावली. दोष लशीचा नव्हता, पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण काही महिने बंद पडले आणि प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरले. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ होती, दक्षिण ऑकलंडमध्ये तिचा जोर विशेष होता. तेथून ती सामोआत पोचली. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ माणसे मेली, त्यात बहुतेक पाच वर्षांखालील मुले. गोवराने मुले दगावतात ती पुष्कळदा न्युमोनियामुळे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

शेवटी ५ आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी देशाचे सर्व व्यवहार बंद ठेवण्यात आले. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल त्या घराने दारात तांबडे कापड लावावे, असे सांगण्यात आले आणि पथके घरोघरी गेली. लोकांनी कापडे लावली, लस घेतली. डिसेंबरअखेर लसीकरण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ऑकलंडमधील पॅसिफिक संस्थांनी प्रार्थनामंदिरांच्या आवारात आपल्या भाषांत, आपल्या गाण्यांसह लसीकरण केले, तेव्हाही हाच अनुभव आला.

परंतु हे यश आपोआप टिकत नाही. कोरोनानंतर न्यूझीलंडमध्ये लहान मुलांच्या नेहमीच्या लशी मागे पडल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये डांग्या खोकल्याची साथ जाहीर करावी लागली. बाळ लस घेण्याइतके मोठे होईपर्यंत त्याचे संरक्षण गरोदर आईने घेतलेल्या लशीने होते. म्हणजे बाळाच्या श्वासाची काळजी त्याच्या जन्माआधीच घ्यावी लागते.

काय साधले, काय उरले?

'हेल्दी होम्स' उपक्रमाचे पहिले मूल्यमापन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबांना मदत मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात रुग्णालयात दाखल होण्याचे सुमारे दीड हजार प्रसंग टळले, डॉक्टरांकडे जाण्याच्या खेपा हजारोंनी कमी झाल्या आणि औषधांच्या चिठ्ठ्याही घटल्या, असे त्यात आढळले. जमाखर्च मांडला तरी पांघरूण आणि पडदा हे रुग्णालयातील खाटेपेक्षा स्वस्तच पडतात. मुलाची वाचलेली शाळा आणि आईबापांची वाचलेली रोजी यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

कायदाही बदलला. १ जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरांत छताला व जमिनीखाली, जेथे शक्य असेल तेथे, अस्तर सक्तीचे झाले. मुख्य खोली १८ अंशांपर्यंत गरम करता येईल असा कायम बसवलेला हीटर, हवा खेळती ठेवण्याची सोय, ओल रोखणे हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होऊन १ जुलै २०२५ पर्यंत सर्व भाड्याच्या घरांना बंधनकारक झाले.

तरी प्रश्न संपलेला नाही. हीटर बसवण्याचा कायदा झाला, पण विजेचे बिल भरण्याचा कायदा नाही. घरभाडे इतके वाढले आहे की दोन कुटुंबे एका घरात राहिल्याशिवाय भागत नाही. तक्रार केली तर घर सोडावे लागेल, ही भीती आहेच. सेविका कितीही प्रेमळ असली तरी नवे घर ती बांधून देऊ शकत नाही.

येथे एक धोकाही ओळखला पाहिजे. 'कुटुंबाची जबाबदारी' हे शब्द उच्चारून सरकारने आणि घरमालकांनी आपली जबाबदारी झटकणे सोपे असते. कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणे याचा अर्थ सर्व भार कुटुंबावर टाकणे असा नाही. खिडकी उघडणे हे कुटुंबाचे काम. ती खिडकी उघडेल आणि नीट बंद होईल अशी बसवणे हे घरमालकाचे काम. आणि मालक ते करतो की नाही हे पाहणे सरकारचे. या तिघांपैकी एकाने अंग काढून घेतले की त्याची किंमत मूल मोजते.

सन २००० मध्ये ऑकलंडच्या मिडलमोर रुग्णालयात जन्मलेल्या १,३९८ पॅसिफिक बाळांची नोंद करून त्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास सुरू करण्यात आला. ती बाळे आता पंचविशीत आली आहेत, त्यांच्यातील काहींच्या घरी स्वतःची मुले आहेत. लहानपणी ज्यांची फुप्फुसे ओलीने आणि खोकल्याने दुबळी झाली, ते आज काम करून घर चालवत आहेत. त्यांच्या मुलांना कोरडे, उबदार घर मिळाले तर हा आजार पुढच्या पिढीत कमी होईल.

कोणत्याही देशातील कुटुंबाने यातून घेण्याजोगे दोन-तीन मुद्दे सांगून हा लेख पुरा करतो. मुलाचा ओला खोकला चार आठवड्यांपलीकडे गेला तर त्याला सवय म्हणू नये. औषध देणारी, पंप देणारी व्यक्ती घरात एकच असू नये. धुराविषयीचा नियम घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः करावा. आणि मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे की आमच्या घरात ओल आहे, इतकी माणसे एका खोलीत झोपतात, चूल अशी आहे. हे सांगण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांना ते कळले तरच औषधाबरोबर घराचाही विचार होऊ शकतो.